कामगारांची घरे आणि गावचा निधी



कामगाराला राहायला घर हवे, एवढे सांगण्यासाठी कोणी व्याख्यान द्यावयास नको. ते सर्वांस मान्य आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. घराचा पैसा कोणी द्यावा, तो कोणाच्या हाती असावा आणि कशावर खर्च व्हावा, असे विचारले की सभेत शांतता पसरते. कामगार म्हणतो, मालकाने द्यावा. मालक म्हणतो, सरकारने द्यावा. राज्य सरकार दिल्लीकडे बोट दाखवते. नगरपालिका म्हणते, आमच्याकडे दिवाबत्तीलाच पैसा पुरत नाही. या सर्वांनी आपापला वाटा घालून एका गावात, एका खात्यात, एकाच कामासाठी जमवलेला पैसा म्हणजे स्थानिक गृहनिधी होय. असे निधी कोठे उभे राहिले, कोठे फसले आणि आपल्यासारख्या शहरात तो उभा करावयाचा तर कसा करावा, एवढाच आजचा विषय आहे.

युनियनच्या माणसाने पगाराविषयी बोलावे, घरांविषयी बोलण्याचे त्याला काय कारण, असे आम्हांस अनेकदा विचारतात. कारण सरळ आहे. वाटाघाटी करून, प्रसंगी संप करून आम्ही पगारात पाचशे रुपये वाढवून घेतो. पुढच्या वर्षी खोलीचा मालक भाड्यात चारशे वाढवतो. म्हणजे लढला कामगार आणि पदरात पडले घरमालकाच्या. पगार बाजारातल्या मजुरीने ठरतो आणि घराची किंमत जमिनीच्या भावाने. मजुरी ज्या चालीने वाढते त्या चालीने जमिनीचा भाव चालत नाही, तो धावतो. यंत्रमागावरचा कामगार, इस्पितळातली आया, कंत्राटावरचा सफाई कामगार, शाळेचा शिपाई, हॉटेलातला आचारी या सर्वांवाचून गाव एक दिवस चालत नाही. पण या माणसांना गावात राहणे परवडत नाही. मग ते दहा-पंधरा किलोमीटरवर खोली घेतात आणि वाचलेले भाडे बसच्या तिकिटात व वेळेत घालवतात.

यावर पूर्वीचा तोडगा म्हणजे कंपनीची चाळ. तिचा गुण असा की भाडे थोडे. दोष असा की मालक आणि घरमालक एकच. नोकरी गेली की घर गेले. संपाची नोटीस देताना ज्याला बायकामुलांच्या डोक्यावरचे छप्पर आठवते, तो माणूस मोकळ्या मनाने मत देऊ शकत नाही. म्हणून मालकाचा पैसा घरात यावा, पण घराची किल्ली त्याच्या खिशात असू नये, ही निधीच्या कल्पनेतली पहिली मेख आहे.

आपल्याकडे हा प्रयोग फार जुना आहे. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. परंतु जेवढी गरिबांची घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपल्या तोंडातले बी.डी.डी., निघाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्याच्या पैशाची युक्ती मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली. भाड्यातून जी तूट भरून निघणार नाही ती या जकातीतून भरावयाची. ज्या धंद्यामुळे कामगार मुंबईत आला त्या धंद्याने त्याच्या निवाऱ्याचा भार उचलावा, हे तत्त्व त्यात होते. तत्त्व उत्तम होते.

फळ मात्र अर्धेच आले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे संकल्पाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या खोल्या. त्यांतल्याही कित्येक प्रारंभीची वर्षे रिकाम्या पडल्या. भाडे कामगाराच्या ऐपतीबाहेरचे, वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, सोयी अपुऱ्या. ज्याच्यासाठी खोली बांधली त्याला, तुला कोठे हवी, केवढी हवी आणि भाडे किती झेपेल, हे कोणी विचारलेच नव्हते. त्याच खात्याच्या बॅक-बेच्या भरणीतील गैरव्यवहार बॅरिस्टर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणले, हेही सर्वश्रुत आहे. नंतर चाळी भरल्या. तीन-चार पिढ्या तेथे वाढल्या. आता म्हाडाकडून त्यांचा पुनर्विकास चालू असून वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पण पहिल्या दशकातल्या रिकाम्या खोल्यांचा धडा आपण विसरता कामा नये. निधी असून भागत नाही. निधीच्या बैठकीत कामगार असावा लागतो.

कामगार बैठकीत असला म्हणजे काय होते, त्याचे एक उदाहरण फ्रान्समधले आहे. उत्तर फ्रान्समध्ये रुबे आणि तुरक्वां ही लोकरीच्या गिरण्यांची जोडशहरे. आपली इचलकरंजी किंवा भिवंडी डोळ्यांपुढे आणावी. तेथले कामगार एका चिंचोळ्या बोळाच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या लहान घरांच्या रांगांत राहत. नळ आणि शौचकूप सगळ्यांत मिळून. १९४३ साली, युद्ध चालू असताना, अल्बेर प्रुव्हो नावाच्या गिरणीमालकाच्या पुढाकाराने तेथे कामगारांच्या घरांसाठी एक मंडळ निघाले. गिरण्यांनी पगाराच्या प्रमाणात वर्गणी द्यावयाची आणि कारभार मालकांच्या व कामगारसंघांच्या प्रतिनिधींनी मिळून पाहावयाचा, अशी त्याची घडण होती. एका गावाचा हा प्रयोग इतका पटला की १९५३ साली फ्रेंच सरकारने तो देशभर लागू केला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी कारखानदाराने पगाराच्या एकूण रकमेचा एक टक्का घरांसाठी काढलाच पाहिजे, असे ठरले. पुढे हा दर उतरत उतरत ०.४५ टक्क्यावर आला आणि २०२० पासून पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच तो लागू राहिला. तरीही या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेकडे आज दहा लाखांहून अधिक घरे आहेत. गावाने आधी करून दाखवले आणि कायदा मागून आला, हे यातले सार आहे.

दुसरे उदाहरण व्हिएन्ना शहराचे. तेथे १९२३ साली नगरपालिकेने घरबांधणी कर बसवला. राहत्या घराच्या आणि दुकानाच्या भाडेमूल्यावर तो चढत्या दराने होता. झोपडीवजा खोलीला नाममात्र आणि महालाला भरपूर. १९३४ पर्यंत त्यातून साठ हजारांवर घरे बांधली गेली. त्यांतील कार्ल मार्क्स यांच्या नावाच्या एकाच वसाहतीत १,३८२ बिऱ्हाडांची सोय झाली. भाडे मुख्यतः देखभालीपुरते होते, कारण इमारतीचा खर्च कर्ज काढून नव्हे तर करातून भागला होता. ज्या घरावर व्याज चढत नाही त्याचे भाडे आपोआप उतरते, ही साधी गोष्ट पुष्कळ विद्वानांच्या ध्यानात येत नाही. ऑस्ट्रियात आजही पगारावर घरबांधणीची वर्गणी आहे. निम्मा वाटा कामगाराचा, निम्मा मालकाचा.

परदेशची उदाहरणे ऐकून कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश, आपल्याकडे हे होणार नाही. त्यांना आम्ही सोलापूर दाखवतो. सोलापुरातल्या विडी कामगार बहुतेक स्त्रिया आहेत. पाने आणि तंबाखू कारखान्यातून आणायची आणि घरी बसून विड्या वळायच्या, मजुरी हजारी. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना असतो. दहा बाय दहाच्या खोलीत मुले, चूल आणि तंबाखूची धूळ एकत्र नांदतात. या स्त्रियांच्या युनियनने, माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढारपणाखाली, सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. शहराबाहेर कुंभारीला जमीन घेतली. कामगार स्त्रियांनी आपला वाटा थोडाथोडा जमवला आणि उरलेल्यासाठी केंद्र व राज्य यांच्याकडे वर्षानुवर्षे मोर्चे काढले. गोदूताई परुळेकर यांचे नाव दिलेल्या या दहा हजार घरांच्या वसाहतीचे उद्घाटन १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. त्यानंतर याच चळवळीतून असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना निघाली. २०१९ च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिची कोनशिला बसवली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली पंधरा हजार घरे दिली. दोन पक्षांचे पंतप्रधान एका लाल बावट्याच्या संस्थेच्या दारी आले, कारण तेथे जमीन, सभासदांची यादी आणि सभासदांचा पैसा आधी तयार होता. सरकारी अनुदान तयारी असलेल्याच्या दारात थांबते.

सोलापूरची उणी बाजूही सांगितली पाहिजे. स्वस्त जमीन शहरापासून लांबच मिळते. घर मिळाले तरी कामाला, शाळेला, दवाखान्याला जाण्याचा खर्च वाढतो. म्हणून आमचे म्हणणे असे की निधीचा पहिला पैसा विटांत न घालता जमिनीत घालावा. आणि तो लवकर घालावा, भाव चढण्यापूर्वी.

आता निधी आटतो कसा तेही पाहू. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला व त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरांना मदत होत असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. कामगारांची मदत तेव्हापासून अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर अवलंबून राहिली. ज्या नळाची तोटी दुसऱ्याच्या हाती, तो नळ कधी बंद होईल याचा नेम नाही. बांधकाम कामगारांचे उदाहरण उलटे आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर ठरला आणि राज्याराज्यांत हजारो कोटी जमले. पण पैसा पडून राहिला. त्यातून कपडे धुण्याची यंत्रे आणि लॅपटॉप घेतल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले व न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. पहिल्या निधीला पाणी उरले नाही. दुसऱ्याला पाणी भरपूर, पण पाट नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिसरा धडा दिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमाने गिरणीची जमीन विकावयाची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, असे ठरले. २००१ साली नियम बदलला. वाटा संपूर्ण जमिनीचा न धरता केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीचा धरावयाचा, असे झाले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला. एका शब्दाने एकरच्या एकर गेले. २०१२ साली जी पहिली मोठी सोडत झाली तीत ६,९२५ घरे होती आणि अर्ज लाखाच्या वर. म्हणून निधीच्या घटनेतला प्रत्येक शब्द वकिलाकडून तपासून घ्यावा. आणि वकील कामगारांचा असावा.

एवढ्या अनुभवावरून आपल्या शहरापुरती आखणी करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे घालावे.

समजा, पाच हजार कामगार सभासद झाले. प्रत्येकाची मिळकत सरासरी महिना १५,००० रुपये. त्याने एक टक्का, म्हणजे १५० रुपये द्यावे आणि तेवढेच मालकाने घालावे. माणशी ३०० प्रमाणे महिन्याला १५ लाख आणि वर्षाला १ कोटी ८० लाख रुपये जमतील. आता जमीन मिळाली असे धरून एका लहान घराचा खर्च ९ लाख मानू. अडीच लाख सरकारी अनुदान, एक लाख कामगाराची शिल्लक, अडीच लाख बँकेचे कर्ज. उरले तीन लाख. कामगाराचे घर अडते ते नेमके या तीन लाखांवर. सावकार तेथेच उभा असतो.

निधीने हे तीन लाख बक्षीस दिले तर दर वर्षी साठ घरे होतील आणि दहा वर्षांत सहाशे. तेच बिनव्याजी कर्ज म्हणून दिले आणि पंधरा वर्षांत फेडून घेतले, तर प्रत्येक घरामागे वर्षाला वीस हजार रुपये परत येतील. पहिल्या वर्षीच्या साठ घरांचे बारा लाख दुसऱ्या वर्षी आणखी चार घरांना पुरतील. तिसऱ्या वर्षी आणखी. असे फिरवत गेले तर दहा वर्षांत सहाशेच्या जागी सुमारे आठशे घरे होतात, आणि येणे रक्कम निधीच्या खात्यावर उभी राहते ती निराळीच. आमच्या पतपेढ्यांत रुपया असाच फिरतो. नवे काही नाही. कामगाराच्या बाजूने पाहू. निधीचा हप्ता १,६६७ रुपये आणि नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या बँककर्जाचा हप्ता अडीच हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून बेचाळीसशे. आज बरेच जण यापेक्षा फार कमी भाडे देतात असे नाही, आणि भाडे कधी फिटत नाही.

पाच हजारांत आठशे म्हणजे सहांत एक. मग बाकीच्या पाचांनी वर्गणी का द्यावी? हा प्रश्न आम्हांस प्रत्येक सभेत विचारला जातो आणि तो रास्त आहे. याची दोन उत्तरे. एक, निधीने केवळ मालकीची घरे बांधू नयेत. परगावाहून आलेल्या कामगाराला, एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, दोन वर्षांसाठी आलेल्या परिचारिकेला विकत घर नको असते. स्वच्छ, माफक भाड्याची खोली हवी असते. कित्येकांचे अडते ते केवळ खोलीच्या डिपॉझिटवर. अशा डिपॉझिटसाठी निधीने लहान कर्जे दिली तर थोड्या पैशात पुष्कळांचे काम होते. दोन, ज्याला घर नको त्याची वर्गणी बुडीत जाऊ नये. नोकरी सोडताना ती त्याला परत मिळावी. मालकाचा वाटा मात्र निधीतच राहावा.

नगरपालिकेने पैसा द्यावा असा आमचा आग्रह नाही. तिने जमीन द्यावी, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. पाणी, गटार, रस्ता द्यावा. दहा लाखांवर वस्तीच्या महानगरांत मोठ्या भूखंडावरील योजनेत वीस टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम २०१३ पासून आहे. तो नियम कागदावर राहतो की जमिनीवर उतरतो, हे पाहणारे कोणी गावात असावे लागते. निधीचे मंडळ हे काम आपसूक करील.

आता कारभार. निधीची स्वतंत्र नोंदणी व स्वतंत्र खाते असावे. तो युनियनच्या पैशात मिसळू नये, कारखान्याच्याही नाही आणि पालिकेच्याही नाही. मंडळावर कामगार आणि मालक सारख्या संख्येने असावेत. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्यात हीच पद्धत आहे. तेथे मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ ती कामगारांपर्यंत पोचवते. पगारपत्रक नसलेल्या हमालालाही त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी मिळू शकला. आमच्या निधीतही रोजंदारीवाल्याची, घरकाम करणाऱ्या बाईची सोय याच वाटेने होईल. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही त्याला बँक दारात उभी करत नाही. पाच वर्षे नेमाने वर्गणी भरल्याचे निधीचे पासबुक हीच त्याची पत ठरावी. वर्षातून एकदा, अशाच उघड्या मैदानावर, जमाखर्च वाचून दाखवावा. कोणाला कर्ज मिळाले, कोणत्या क्रमाने मिळाले, कोणाचे थकले, सर्व फळ्यावर लावावे. अफरातफर अंधारात होते. फळ्याइतका स्वस्त पहारेकरी दुसरा नाही.

शेवटचा आणि नाजूक मुद्दा विक्रीचा. स्वस्तात मिळालेले घर चार वर्षांनी बाजारभावाने विकले गेले, तर निधीने बांधले काय? एका माणसाचा फायदा. कामगाराला आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज, कोणतीही वेळ येते. पण घर गेले की ते पुन्हा कामगाराचे होत नाही. सहकारी कायद्यात यावर उपाय आहे. भाडेकरू-सहभागी संस्थेत जमीन व इमारत संस्थेची राहते. सभासदाला राहण्याचा हक्क असतो आणि तो वारसाकडे जातो. सोडावयाचे असेल त्याने घर संस्थेला परत द्यावे आणि आपला भरलेला पैसा ठरलेल्या वाढीसह घेऊन जावे. म्हणजे त्याचे नुकसान नाही आणि पुढच्या कामगाराचेही नाही.

मालक विचारतील, हा एक टक्का आमच्यावर कशासाठी? त्यांनी आपलेच हजेरीपत्रक काढून पाहावे. शिकवलेला कामगार सहा महिन्यांत खोली मिळत नाही म्हणून गाव सोडतो तेव्हा नव्याला शिकवण्याचा खर्च कोण सोसतो? रुबेच्या गिरणीमालकांनी हा हिशेब केला होता. ते काही धर्मशाळा घालावयास निघाले नव्हते.

हे सर्व एका वर्षात होणार नाही, आणि कोणी होईल म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु तीन कामे या उन्हाळ्यातच सुरू करता येतील. प्रत्येक युनियनने आणि पतपेढीने आपल्या सभासदांची यादी करावी: कोण कोठे राहतो, भाडे किती, कामाची जागा किती लांब. दुसरे, नगरपालिकेच्या मालकीच्या पडीक जमिनींची यादी माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. तिसरे, ज्या दोन-तीन कारखान्यांत आमचे करार लवकरच संपत आहेत, तेथे नव्या मागणीपत्रात पगारवाढीच्या शेजारी घरनिधीचे कलम घालावे. पहिल्या करारात अर्धा टक्का मिळाला तरी चालेल. खाते उघडले म्हणजे त्यात भर घालता येते. न उघडलेल्या खात्यात कोणी पैसा टाकू शकत नाही.